शाकारणी झाली, आता छप्पर बांधून घ्या
किनारपट्टीच्या गावांनी पावसाआधी घर वादळासाठी कसे तयार करावे?



वैशाख सरत आला की कोकणात घरोघरी एकच लगबग सुरू होते, आगोटीची. कौलं उतरवून झाडायची, फुटकी बदलायची, कुजलेल्या रिपा काढायच्या, पडवीला झाप बांधायचे, लाकूडफाटा आत घ्यायचा, पेंढा रचायचा, मिरची-कडधान्याला उन्हं दाखवून डबे भरायचे. हे काम कोणी शिकवावं लागत नाही. चार महिन्यांच्या पावसाला तोंड द्यायची ही रीत आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे.

मात्र ही सगळी तयारी पाण्याची असते. पाणी वरून खाली येतं. म्हणून शाकारणी करताना आपण एकच गोष्ट बघतो, घर गळतं कुठे? वादळाचा वारा मात्र छप्पर नुसतं ढकलत नाही, वर उचलतो. त्यामुळे पावसात थेंबभर न गळणारं घरही वादळात उघडं पडू शकतं. तेव्हा यंदा शिडी लावलीच आहे, सुतार आलाच आहे, तर त्याला आणखी एक प्रश्न विचारा. हे छप्पर खाली कशाने धरलं आहे?

आजचा हा लेख त्या एका प्रश्नासाठी आहे.

वादळ आता पाहुणं राहिलेलं नाही

'वादळं काय ती पूर्व किनाऱ्याला, ओरिसा-आंध्रला,' असं आपण कैक वर्षं म्हणत आलो. बंगालच्या उपसागरात वादळं जास्त होतात हे खरंच. पण गेल्या काही वर्षांतला आपला अनुभव काय सांगतो?

११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' वादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्याला लागलं. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' दुपारच्या वेळी रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेस जमिनीवर आलं. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड आणि रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड, दापोली या तालुक्यांत घरांची छपरं आणि नारळ-सुपारीच्या वाड्या झोपवल्या. पुढच्याच वर्षी, मे २०२१ च्या मध्यास, 'तौक्ते' आलं. हे वादळ कोकणात जमिनीवर आलंच नाही. ते समुद्रातून उत्तरेकडे सरकत १७ मे च्या रात्री गुजरातमध्ये दीव-उना भागात धडकलं. तरी जाता जाता सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतली कौलं, पत्रे, विजेचे खांब आणि झाडावरचा आंबा पाडून गेलं.

या तीन तारखांवरून दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, आपल्याकडे वादळाचे हंगाम दोन. एक पावसाच्या तोंडावर, मे-जूनमध्ये, आणि दुसरा पाऊस परतल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर. दुसरी, वादळ आपल्या गावावरूनच गेलं पाहिजे असं नाही. समुद्रातून लांबून गेलं तरी छप्पर जाऊ शकतं.

समुद्राच्या पृष्ठभागाचं पाणी साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर तापलं की वादळाला बळ मिळतं, आणि अरबी समुद्र तापत चालला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अरबी समुद्रातली वादळं गेल्या दोन दशकांत संख्येने आणि जोरानेही वाढल्याचं दाखवलं आहे. म्हणजे घराला वादळ लागणार नाही असं धरून चालण्याचे दिवस गेले.

वारा छप्पर उचलतो कसा?

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ५० किलोमीटरचा वारा आपण पावसाळ्यात नेहमी सोसतो. ताशी १०० किलोमीटरला तोच वारा चौपट ताकदीने येतो. अशा वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरवर अंदाजे ४६-४७ किलो वजनाइतका पडतो. आता दहा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद असा साधा लोखंडी पत्रा घ्या. त्याचं स्वतःचं वजन पंधरा किलोच्या आसपास. त्याला उचलणारी ओढ मात्र दीडशे किलोपर्यंत जाते. कडेच्या आणि आढ्याजवळच्या पत्र्यांना ती याहूनही जास्त असते. दोन खिळ्यांवर टाकलेला पत्रा ही ओढ कशी सोसणार?

छप्पर कधीही मधून सुटत नाही. आधी वळचण सुटते, नाहीतर आढ्यावरचे कोने सुटतात. तिथून वारा आत शिरतो आणि मग ओळीने सगळं उघडत जातो. त्यातच वाऱ्याच्या बाजूची खिडकी किंवा दार उघडलं, तर घर आतून फुगतं. बाहेरून ओढ आणि आतून रेटा, असे दोन्ही एकदम बसतात. 'खिडक्या उघड्या ठेवल्या की वारा आरपार जातो' अशी एक समजूत गावात आहे. ती साफ चुकीची आहे. वादळात दारं-खिडक्या सगळ्या बंद हव्यात.

आणखी एक. वादळ भोवऱ्यासारखं गरगरत येतं. त्याचा मध्य गावावरून गेला तर मध्येच वारा पडतो, आभाळ थोडं उघडल्यासारखं वाटतं आणि थोड्या वेळाने उलट दिशेने पुन्हा सुरू होतो. म्हणून छपराची एकच बाजू बांधून भागत नाही. समुद्राकडची बांधली तशी डोंगराकडचीही बांधायला हवी.

कौलारू घर असेल तर

मंगलोरी कौलांचं छप्पर पत्र्यापेक्षा कितीतरी जड असतं आणि कौलांच्या फटींतून आतला दाबही निघून जातो. त्यामुळे वादळात बहुधा सांगाडा राहतो आणि कौलं जातात. पण कौल उडालं की खाली माणसाच्या डोक्यावर येतं आणि वरून पाऊस घरात येतो. तेव्हा शाकारणीच्या वेळीच पुढची कामं करून घ्या.

वळचणीच्या खालच्या दोन-तीन ओळी, दोन्ही टोकांच्या कडा आणि आढ्याजवळच्या ओळी यांतलं प्रत्येक कौल रिपेला बांधा. मंगलोरी कौलाला तारेसाठी खालच्या बाजूला भोक पाडण्याची सोय बहुधा असते. त्यातून न गंजणारी, म्हणजे जस्त चढवलेली बारीक तार ओवून रिपेखाली पिळायची. सगळं छप्पर बांधता आलं तर उत्तमच, पण निदान या ओळी सोडू नका. कोने सिमेंट-वाळूच्या मालात घट्ट बसवून घ्या.

नळीच्या कौलांना असं बांधता येत नाही. त्यांच्यावरून जुनं नायलॉनचं मासेमारीचं जाळं पसरून खाली वाशांना आवळून बांधा. कोळीवाड्यात टाकून दिलेली जाळी मिळतात. जाळं नुसतं वर टाकून ठेवलं तर ते कौलांसकट जाईल. ते चारी बाजूंनी ताणून बांधलेलं हवं.

मग खाली उतरून सांगाडा बघा. वासा आढ्याला आणि भिंतीवरच्या तुळईला कसा जोडला आहे? पुष्कळ घरांत एकच खिळा वरून ठोकलेला असतो. तो खिळा वासा घसरू देत नाही, पण वर ओढला तर उपटून येतो. तिथे लोखंडी पट्टी वाशावरून वळवून दोन्ही बाजूंनी तुळईला खिळे मारा, किंवा पट्टी मिळाली नाही तर जाड तारेचे तीन-चार वेढे देऊन पिळा. वाळवीने पोखरलेला वासा असेल तर पट्टी मारून उपयोग नाही. तो बदलाच.

शेवटचा जोड सगळ्यांत महत्त्वाचा आणि नेमका तोच आपल्याकडे बहुधा नसतो. तुळई भिंतीवर नुसती ठेवलेली असते, तिला भिंतीशी बांधलेलं काहीच नसतं. चिऱ्याच्या भिंतीत वरून तीन-चार थर खाली सळई किंवा पट्टी नेऊन ती तुळईला आवळली, की छपराला वर जायला वरच्या थरांचं वजनही उचलावं लागतं. कौल रिपेला, रीप वाशाला, वासा तुळईला आणि तुळई भिंतीला अशी ही साखळी आहे. यातला एक दुवा कच्चा असला तर बाकीचे पक्के असून फायदा नाही.

पत्र्याचं छप्पर असेल तर

२०२० नंतर कोकणात पत्र्याची घरं वाढली. त्यात कोणाचा दोष नाही. कौलं गेली, पाऊस दारात आला आणि लवकर मिळेल त्याने घर झाकावं लागलं. पण घाईने झाकलेली ती छपरं नंतर कोणी पुन्हा बघितली का? यंदा ती वर चढून बघा.

पत्रा धरणारा हूक इंग्रजी 'जे' अक्षरासारखा असेल तर मोठी ओढ बसताच तो सरळ होतो आणि पत्रा सुटतो. 'यू' आकाराचा बोल्ट आडव्या पाइपाला दोन्ही बाजूंनी धरतो. निदान कडेच्या आणि आढ्याजवळच्या रांगांना हे बोल्ट बसवा आणि तिथे त्यांच्यातलं अंतर मधल्या भागापेक्षा कमी ठेवा. बोल्ट पत्र्याच्या उंचवट्यावर हवा, खाली रुंद वायसर हवा. लहान वायसर असला की बोल्ट जागेवर राहतो आणि पत्रा फाटून निघून जातो. गंजून भोक मोठं झालेलं असेल तर तिथे नवा बोल्ट घालण्यापेक्षा शेजारी नवं भोक पाडा.

छपराचा उतार फार कमी असला तर वाऱ्याची ओढ वाढते. नवं छप्पर बांधणाऱ्यांनी उतार पुरेसा द्यावा आणि शक्य तर दुपाखीऐवजी चौपाखी छप्पर करावं. चारी बाजूंनी उतरलेलं छप्पर वाऱ्याला कमी सापडतं. वळचण दोन फुटांपेक्षा फार बाहेर काढू नका. पडवीचं छप्पर मूळ घराच्या छपराला अखंड जोडू नका. ते वेगळं असलं तर पडवी गेली तरी घर राहतं.

स्लॅबच्या घरावर गळतीसाठी लोखंडी शेड टाकायची पद्धत आता गावोगाव आहे. ही शेड चारही बाजूंनी मोकळी असते, म्हणून वाऱ्याला तिच्या खाली शिरायला आयती जागा मिळते. तिचे खांब स्लॅबला किंवा कठड्याला कशाने धरले आहेत ते नक्की तपासा. खांबाच्या पायाची प्लेट स्लॅबमध्ये बोल्टने आवळलेली हवी. नुसत्या मालात रोवलेला खांब उपटला गेला तर ती शेड आपल्या नाही, शेजाऱ्याच्या घरावर पडते.

आणि पत्र्यावर ठेवलेले चिरे, टायर, दगड? ते खाली उतरवा. वाऱ्याने पत्रा थरथरला की सुटा दगड घरंगळतो आणि कोणाच्या तरी अंगावर येतो. वजन ठेवायचंच असेल तर वाळूच्या गोण्या भरा, दोन-दोन गोण्या दोरीने जोडा आणि एक आढ्याच्या या बाजूला, दुसरी त्या बाजूला अशा टाका. ऐनवेळी करण्याजोगा हा उपाय आहे, बोल्टला पर्याय नव्हे.

सिमेंटच्या पत्र्यावर कधीही थेट पाय देऊ नका. फळी टाकून तिच्यावरून चाला. वादळाने न मेलेली माणसं दुसऱ्या दिवशी छप्पर दुरुस्त करताना खाली पडून जातात.

घराभोवतीची झाडं आणि गोठा

घरावर झुकलेली आंबा-फणसाची फांदी, अंगणातला शेवगा, परसातला वाकलेला माड, यांच्याकडे एप्रिलमध्येच बघा. घरावरच्या फांद्या छाटा. माडाचे तयार नारळ आणि सुकलेल्या झावळ्या उतरवा. वाऱ्याने सुटलेला नारळ कौल फोडून घरात येतो. आंबा, फणस, साग अशी झाडं मुळापासून तोडायची असतील तर वनखात्याची रीतसर परवानगी लागते, तिला वेळ लागतो, म्हणून अर्ज आधीच करा. विजेच्या तारांना लागणारी फांदी स्वतः तोडायला जाऊ नका, महावितरणच्या वायरमनला कळवा.

अंगणात सुटं काय काय आहे? उरलेले पत्रे, बांबू, प्लास्टिकच्या टाक्या, खुर्च्या, फळ्या. वादळात यातली प्रत्येक वस्तू फेकून मारलेल्या दगडासारखी असते. त्या आत घ्या, नाहीतर एकत्र बांधून ठेवा. रिकामी पाण्याची टाकी उडते, भरलेली जागेवर राहते. म्हणून टाक्या भरून ठेवा.

गोठा बहुधा घरापेक्षा कच्चा असतो. वादळाचा इशारा आला की गुरं दाव्याला बांधून ठेवू नका. गोठा पक्का असेल तर दावी सोडून आत ठेवा, कच्चा असेल तर झाडांपासून आणि तारांपासून लांब, उंचवट्याच्या जागी न्या. गुरांच्या कानातल्या बिल्ल्याचे नंबर एका वहीत उतरवून ठेवा. पेंढ्याची उडवी दोरखंडाने आवळा आणि दोन-तीन दिवसांची वैरण कोरड्या जागी वेगळी काढा.

इशारा आला, आता काय?

हवामान खातं वादळाची सूचना चार टप्प्यांत देतं. पहिली सूचना साधारण ७२ तास आधी, आणि ती प्रामुख्याने शासनाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी असते. दुसरी, म्हणजे वादळाची खबरदारी, निदान ४८ तास आधी. तिसरी, वादळाचा इशारा, २४ तास आधी. चौथी सुमारे १२ तास आधी, आणि तीत वादळ जमिनीवर आल्यावर पुढे कुठवर जाईल हे सांगितलेलं असतं. म्हणजे गावाच्या हाती नेमके दोन दिवस असतात. दोन दिवसांत सुतार मिळत नाही, बोल्ट मिळत नाहीत. छपराचं काम आधी उरकलेलं असलं तरच हे दोन दिवस बाकीच्या कामाला पुरतात.

४८ तास आधी: दळण दळून आणा. ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण २०२० मध्ये श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली भागात अनेक गावांना वीज यायला कित्येक आठवडे लागले. वीज नाही म्हणजे गिरणी नाही, पंप नाही, मोबाइल नाही. विहिरीवर पंप बसवल्यापासून रहाट-दोर मोडीत काढले असतील तर निदान एक दोर आणि कळशी शाबूत ठेवा. पिण्याचं पाणी भांड्यांत भरून झाका. रोज लागणारी औषधं पंधरा दिवसांची आणून ठेवा. बॅटरी, मेणबत्त्या, काड्यापेट्या कोरड्या डब्यात ठेवा. थोडी रोख रक्कम जवळ असू द्या, कारण वीज गेली की एटीएमही बंद असतं.

२४ तास आधी: रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक, सातबारा, घराचा उतारा, विम्याचे कागद प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून एकाच जागी ठेवा. मोबाइल पूर्ण चार्ज करा. घराच्या खिडक्यांना फळ्या मारायच्या असतील तर त्या आजच मारा. दार आतून आडणा लावून बंद होतं का ते बघा, आणि अडसर कच्चा असेल तर आतून आडवी फळी ठोका. घर कच्चं असेल, समुद्राच्या किंवा खाडीच्या पाण्याजवळ असेल, दरडीखाली असेल, तर दिवसाउजेडी बाहेर पडा. रात्री वारा सुटल्यावर बाहेर पडण्यात जास्त धोका आहे.

वारा सुरू झाल्यावर: मेन स्विच बंद, गॅसचा रेग्युलेटर बंद. घरातली सगळ्यांत लहान आणि मधली खोली, शक्य तर माजघर, तिथे सगळ्यांनी बसा. छप्पर सुटू लागलं तर पळत बाहेर जाऊ नका. पलंगाखाली, मजबूत टेबलाखाली किंवा भिंतीच्या कोपऱ्यात गाद्या अंगावर घेऊन बसा. बाहेर उडणारा पत्रा माणसाला कापतो. आणि मध्ये वारा पडला तरी रेडिओवर, मोबाइलवर किंवा ग्रामपंचायतीकडून निरोप येईपर्यंत दार उघडू नका. उलट बाजूचा वारा यायचा असतो.

ग्रामपंचायतीने आताच करायची कामं

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी (म्हणजे कालपरवापर्यंतचे आपले तलाठी), पोलीस पाटील आणि कोतवाल यांच्यासाठी चार गोष्टी.

पहिली, निवाऱ्याची. बहुतेक गावांत निवारा म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेचं नाव कागदावर असतं. त्या शाळेचं छप्पर कुणी तपासलं आहे का? २०२० च्या वादळात शाळांचीही छपरं गेली. ज्या इमारतीवर पत्रे किंवा कौलं आहेत, तिच्यात गाव नेऊन बसवायचं म्हणजे एका कच्च्या घरातून दुसऱ्या कच्च्या घरात नेणं. गावात स्लॅबची इमारत कोणती, मग ती समाजमंदिर असो, सोसायटीचं गोदाम असो की एखाद्याचं राहतं घर, ती आधी ठरवा. मालकाशी बोलून ठेवा. तिथे पाणी, संडास आणि उजेडाची सोय आहे का ते बघा.

दुसरी, यादीची. कोकणातल्या वाड्यावाड्यांत आज म्हातारा-म्हातारी दोघंच राहतात, कुठे एकटी म्हातारी. मुलं मुंबईला, पुण्याला. अंथरुणाला खिळलेले, गरोदर बाया, अपंग, एकटे राहणारे यांची वाडीनिहाय यादी करा आणि प्रत्येक नावापुढे कोणी न्यायचं त्या माणसाचं नाव लिहा. नुसती यादी दप्तरात राहते. नेमलेला माणूस असेल तर तो जातो.

तिसरी, हत्यारांची. वादळानंतर पहिली गरज रस्ता मोकळा करण्याची असते. लाकूड कापायची यंत्रं, करवती, कोयते, दोरखंड, ताडपत्र्या कोणाकडे आहेत, याची नोंद ग्रामपंचायतीत हवी. यंत्राला पेट्रोल लागतं, तेही दोन डबे आधीच भरून ठेवा.

चौथी, निरोपाची. मोबाइलचे मनोरे पडले की सगळे निरोप थांबतात. देवळाची घंटा, मशिदीचा किंवा ग्रामपंचायतीचा भोंगा, दवंडी, जे काही असेल ते ठरवून ठेवा. कोणत्या खुणेचा अर्थ काय, हे ग्रामसभेत सांगा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, तातडीच्या मदतीचा ११२ आणि महावितरणचा १९१२ हे तीन क्रमांक रेशन दुकानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून काढा.

वादळानंतरचा पहिला आठवडा

२०२० साली निसर्ग वादळ ३ जूनला आलं आणि ११ जूनला महाराष्ट्रात पाऊस दाखल झाल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. म्हणजे उघड्या घराला झाकायला हातात जेमतेम आठवडा होता. त्या आठवड्यात ताडपत्री, पत्रे, कौलं, सुतार सगळ्यांना एकदमच हवं होतं. म्हणून निदान एक चांगली ताडपत्री प्रत्येक घराने वादळाआधीच घेऊन ठेवावी. ती वाया जात नाही, भाताच्या झोडणीला उपयोगी पडते.

खाली पडलेल्या तारेला, ती मेली आहे असं समजून, हात लावू नका. ढिगाऱ्यात विंचू-साप असतात, काठीने हलवूनच हात घाला. विहिरीचं पाणी काही दिवस उकळून प्या.

नुकसानीचा पंचनामा होईपर्यंत घाईने सगळं आवरू नका. पण पाऊस थांबणार नाही, म्हणून घर झाकावंच लागेल. यावर उपाय सोपा आहे. आज, घर धड असताना, चारी बाजूंनी, छपराचे आणि आतले फोटो काढून ठेवा. वादळानंतर काहीही हलवण्याआधी पुन्हा फोटो काढा. 'आधी' आणि 'नंतर' असे दोन्ही फोटो असले की पंचनाम्यात वाद उरत नाही. अंशतः पडझडीसाठी मदतीच्या नियमात निदान १५ टक्के नुकसान धरलं जातं, तेव्हा किती कौलं, किती वासे, किती भिंत गेली हे मोजून लिहून घ्या. पंचनाम्यावर काय लिहिलं आहे ते वाचून मगच सही करा. जनावर दगावलं असेल तर पशुवैद्यकीय डॉक्टरांना कळवल्याशिवाय पुरू नका.

यात कोकणची एक जुनी अडचण आहे. घर ग्रामपंचायतीच्या नमुना आठला अजून आजोबांच्याच नावावर असतं, राहतो धाकटा मुलगा, आणि हिस्सेदार चार गावांत पांगलेले. मदतीच्या वेळी मग नावाचा घोळ होतो. ही नोंद दुरुस्त करायला वादळाची वाट कशाला बघायची?

चाकरमान्यांना कामाला लावा

मे महिन्यात मुंबईची मंडळी गावी येतात. आंबे-फणस खातात, पूजा घालतात, लग्नं उरकतात आणि सात जूनच्या आत परत जातात. घरात दोन तरणे हात असण्याचे हेच काय ते दिवस. त्यांतले दोन दिवस छपरासाठी मागून घ्या. एक दिवस वर, कडा आणि आढं बांधायला. एक दिवस खाली, वासे-तुळई आवळायला आणि झाडं छाटायला. नावाच्या नोंदीवर हिस्सेदारांच्या सह्याही त्याच वेळी होतील.

सगळं एकाच वर्षी करणं प्रत्येकाला झेपणार नाही, हे कबूल. मग क्रम ठेवा. यंदा वळचण आणि आढं. पुढच्या वर्षी वासे-तुळईचे जोड. त्याच्या पुढच्या वर्षी तुळई भिंतीला. पाऊस संपल्यावर नवरात्राच्या सुमारास पुन्हा एकदा शिडी लावून बघा, कारण दुसरा हंगाम तेव्हा सुरू होतो आणि चार महिन्यांच्या ओलीने तारा गंजलेल्या, रिपा कुजलेल्या असतात.

तार, पट्टी, बोल्ट, वायसर यांचा खर्च नव्या छपराच्या खर्चापुढे फारच थोडा आहे, आणि हे सामान तालुक्याच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. या आठवड्यात बाजाराला जाल तेव्हा मिरच्या-मिठाच्या यादीत तेवढं लिहून न्या.